सायकोसिसची औषधं आणि 65 ते 80 टक्क्यांचा खेळ

"स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या म्हणजे माणसाला नुसतं गुंगीत ठेवायचं" हे इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं आता लिहूनच टाकू. (सायकोसिस म्हणजे भ्रम होणं, नसलेले आवाज ऐकू येणं अशी अवस्था, स्किझोफ्रेनिया हा त्यातलाच एक आजार.) गुंगी येते हे खरंय, पण तो साइड इफेक्ट. नुसत्या गुंगीनं काम भागलं असतं तर झोपेच्या गोळ्यांनीपण भ्रम गेले असते, आणि तसं होत नाही.

पहिलं औषध क्लोरप्रोमाझिन. खरं तर ऑपरेशनच्या वेळी भुलीला मदत म्हणून वापरात आलेलं, 1952 मध्ये पॅरिसच्या डिले आणि डेनिकर यांनी ते मनोरुग्णांना दिलं आणि फरक पडला, पण का पडला हे कुणालाच सांगता येईना. 1963 मध्ये स्वीडनच्या अर्विद कार्लसननी उंदरांवरच्या प्रयोगांतून डोपामिनकडे, म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणाऱ्या एका रसायनाकडे, बोट दाखवलं. मग सत्तरच्या दशकात आली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. सीमन आणि स्नायडर यांच्या लॅबमध्ये, वेगवेगळं काम करून, एकच मोजमाप झालं: कुठलं औषध डोपामिनच्या रिसेप्टरला (पेशीवर डोपामिन जिथं बसतं ती जागा) किती घट्ट चिकटतं. ते आकडे रोजच्या डोससमोर मांडले तर जवळजवळ सरळ रेषा! हॅलोपेरिडॉल घट्ट चिकटतं, म्हणून काही मिलिग्रॅम पुरतं, क्लोरप्रोमाझिन सैल, म्हणून शेकड्यांत द्यावं लागतं. हा रिसेप्टर म्हणजे डी-टू.

पुढे पेट स्कॅन आला आणि जिवंत माणसाच्या मेंदूत किती डी-टू अडवले गेलेत ते मोजता यायला लागलं. साधारण 65 टक्के अडले की गुण यायला लागतो, 80 च्या आसपास गेलं की हात थरथरणं, अंग कडक होणं असं पार्किन्सनसारखं सुरू होतं, कारण हे रिसेप्टर जिथं मोजतात तो मेंदूतला स्ट्रायटम नावाचा भागच हालचालपण सांभाळतो. म्हणजे डॉक्टरला खेळायला जागा एवढीच. डोस दुप्पट केला की गुण दुप्पट, असं होत नाही ते यामुळेच.

आता गंमत म्हणजे क्लोझापिन. ते बऱ्याचदा 65 पर्यंत पोचतच नाही, चिकटतं आणि पटकन सुटतं, तरी जिथे बाकीची औषधं हरतात तिथे तेच चालतं (पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होऊ शकतात म्हणून रक्ततपासणी मात्र करत राहावी लागते). एरिपिप्राझोल तर डी-टूवर बसून त्याला थोडंसं चालूपण ठेवतं, पार्शल अ‍ॅगोनिस्ट, म्हणून 80 च्या वर गेलं तरी कडकपणा सहसा कमीच. म्हणजे नुसती टक्केवारी बघून सगळं कळत नाही.

शिवाय स्कॅनमध्ये असंही दिसलं की बऱ्याच पेशंटमध्ये डोपामिन तयार होण्याचं प्रमाणच वाढलेलं असतं. म्हणजे वर नळ सुटलेलाच आणि आपण खाली पाइपला बोळा लावून बसलोय! बरं वाटलं म्हणून स्वतःच गोळी बंद केली की आजार का उलटतो, याचं एक कारण इथं असू शकतं. आणि हो, ही सगळी ग्रुपची सरासरी आहे, एका माणसाचा स्कॅन बघून स्किझोफ्रेनिया ठरवता येत नाही, तसं कुणी विकत असेल तर तोही मांत्रिकाचाच भाऊ, फक्त मशीन महाग. आणि पेशंटला मांत्रिकाकडे नेलं तर पैशांपेक्षा वेळ जातो हे वाईट, कारण उपचार जितके उशिरा सुरू होतात तितकं बरं होणं साधारणपणे अवघड जातं.

2024 मध्ये अमेरिकेत झॅनोमेलिन-ट्रोस्पियम या जोड-औषधाला मंजुरी मिळाली. हे डी-टूला हातच लावत नाही, एम-वन आणि एम-फोर या मस्करिनिक रिसेप्टरना (हे अ‍ॅसिटिलकोलिन या दुसऱ्याच रसायनाचे) चालू करतं आणि त्यातून डोपामिन आडवाटेनं खाली येतं असं मानतात. झॅनोमेलिन एकटं दिलं की पोटाचे हाल, म्हणून सोबत ट्रोस्पियम, जे मेंदूत फारसं शिरत नाही आणि बाहेरच्या शरीरातले मस्करिनिक रिसेप्टर अडवून धरतं. तरी मळमळ आणि बद्धकोष्ठता आहेतच.