एद्झो (एस्पेरांतो शब्द)

एस्पेरांतोत एद्झो म्हणजे नवरा आणि एद्झीनो म्हणजे बायको. यातला द्झ साधारण आपल्या 'जावई'मधल्या ज सारखा म्हणायचा, 'जेवण'मधल्या सारखा नाही. ही भाषा लुडविक झामेनहॉफ या डोळ्यांच्या डॉक्टरने बनवली, पहिलं पुस्तक 1887 मध्ये वॉर्सात निघालं, आणि शब्द त्याने युरोपातल्या भाषांमधूनच उचलले, जसं वडील म्हणजे पात्रो हा लॅटिन, कुत्रा म्हणजे हुंदो हा जर्मन, लगेच ओळखू येतात. एद्झो मात्र असा पटकन पकडता येत नाही.

कारण इथे नवरा बायकोवरून आलाय. एस्पेरांतोत स्त्रीलिंगासाठी मध्ये -इन- लागतो, आपला वाघ-वाघीण मधला -ईण आहे ना तसाच, म्हणून पात्रोची पात्रीनो, म्हणजे आई. झामेनहॉफने स्वतः सांगितलंय की त्याने आधी युवराजाच्या बायकोचा जर्मन शब्द 'क्रोनप्रिन्त्सेसिन' घेतला, त्याचं 'क्रोनप्रिन्त्सेद्झीनो' झालं, मग त्यातला युवराज कापला, उरलेल्या शेपटाचा अर्थ 'बायको' धरला आणि त्या शेपटातला -इन- पण काढला तर हातात आला नवरा! म्हणजे पाटलीणबाईंमधून पाटील वजा करायचा आणि उरलं त्यातून पुन्हा नवरा शोधायचा, असला प्रकार.

अभ्यासक यिडिश या युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या 'रेबेत्सिन' कडेही बोट दाखवतात, म्हणजे रब्बीची, ज्यू धर्मगुरूची, बायको. झामेनहॉफ ज्यू घरातला, यिडिश त्याला चांगली येत होती, तिचं व्याकरणही त्याने लिहिलं होतं, त्यामुळे हा शब्द त्याच्या कानात नसेल हे पटत नाही. दोन्ही खरं असायलाही हरकत नाही म्हणा.

असंच उलटं काम फ्राउलो म्हणजे अविवाहित पुरुष या शब्दातही झालंय. जर्मन 'फ्रॉयलाइन' म्हणजे कुमारी, त्यावरून फ्राउलीनो, आणि -इन- काढून फ्राउलो. गंमत म्हणजे जर्मनमध्ये तो शेवटचा तुकडा स्त्रीलिंगाचा नाहीच, 'छोटी' अशा अर्थाचा लाडाचा प्रत्यय आहे.

पुढे एद्झो वरून भरपूर शब्द निघाले, घटस्फोटित नवरा एक्सेद्झो, जोडपं गेएद्झोय. आणि आपल्याकडे 'डॉक्टरीणबाई' म्हटलं की बाई स्वतः डॉक्टर की डॉक्टरांची बायको हे विचारावं लागतं, तो घोळ इथे नाही, स्वतः डॉक्टर असेल तर दोक्तोरीनो, डॉक्टरची बायको असेल तर दोक्तोरेद्झीनो.