किडनीवरची गाठ आणि ‘दुर्बिणी’च्या दोन वाटा

मुतखड्यासाठी सीटी स्कॅन काढायला गेलेल्या माणसाच्या हातात ‘डाव्या ॲड्रिनलमध्ये ३ सेंमीची गाठ’ असा रिपोर्ट पडतो आणि कोल्हापुरातल्या घरात पहिला प्रश्न येतो, ‘किडनी काढायची न्हाई न्हवं?’ नाही. ॲड्रिनल ही वेगळी ग्रंथी, पाठ्यपुस्तकात तिला अधिवृक्क म्हणतात, म्हणजे किडनीच्या डोक्यावरची टोपी. वजन जेमतेम ४-५ ग्रॅम. किडनी जागच्या जागी राहते.

या एवढ्याशा ग्रंथीसाठी पूर्वी कूस उघडावी लागे, कित्येकदा बरगडीचा तुकडाही काढावा लागे. या ग्रंथीतल्या काही गाठी रक्तदाब भडकवतात; तशी गाठ पहिल्यांदा यशस्वीपणे निघाली ती १९२६ मध्ये, स्वित्झर्लंड आणि अमेरिकेत, काही महिन्यांच्या अंतराने. पुढची साठेक वर्षे वाट तीच, फक्त भूल आणि औषधं सुधारली. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढायला १९९० मध्ये मुंबईत सुरुवात झाली. ॲड्रिनलची पाळी लगेच आली. १९९२ मध्ये कॅनडातून अशा शस्त्रक्रियेची नोंद प्रसिद्ध झाली, जपानी सर्जनही त्याच सुमारास तिथं पोहोचले होते.

खरा गुंता ‘दुर्बिणीतून’ या शब्दात आहे. राजारामपुरी-शाहूपुरीतल्या दवाखान्यांच्या पाट्यांवर तो एकच असला, तरी आत दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिली पोटातून. पेशंटला कुशीवर झोपवतात, पोटात गॅस भरतात. उजवीकडे यकृत उचलून धरावं लागतं, डावीकडे प्लीहा आणि मोठं आतडं बाजूला करावं लागतं. दुसरी पाठीमागून. पेशंट पालथा, पोटाची पोकळी उघडायचीच नाही. पण मागे मुळात पोकळी नसते, ती करावी लागते. ती कशी करायची, हे १९९२ मध्येच मुंबईतल्या एका मूत्रविकार सर्जनने दाखवलं: ऑपरेशनचा रबरी हातमोजा रबरी नळीला बांधला, आत सरकवला आणि बीपी मोजायच्या यंत्राच्या पंपाने फुगवला. परदेशी वर्णनांत पालथ्या पद्धतीचं श्रेय नव्वदच्या दशकाच्या मध्यातल्या जर्मन सर्जनांना जातं. ते रास्तही आहे, पण हातमोज्याचा उल्लेख तळटीपेत उरतो, हे खटकतं.

दोहोंत बरी कोणती, यावर सर्जन अजून भांडतात. पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल, आत चिकटलेलं असेल, तर पाठीची वाट सरळ. दोन्ही बाजूंच्या ग्रंथी काढायच्या असतील तर पेशंटला मध्येच वळवावं लागत नाही. मात्र जागा अरुंद. ६-७ सेंमीच्या वरची गाठ तिथं अडचणीची. आणि कर्करोगाचा दाट संशय असेल तर बरेच जण आजही मोठा छेदच पसंत करतात, कारण गाठ आत फुटली तर सगळं मुसळ केरात.

दुर्बीण आली म्हणून एक गोष्ट मात्र बदलली नाही. बीपी भडकवणारी गाठ असेल, तर आधी साधारण १०-१४ दिवस रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या घ्याव्याच लागतात. नाहीतर गाठीला नुसता धक्का लागला तरी टेबलावर बीपी उसळतं. ‘गाठ सापडलीय तर काढत का न्हाईत?’ म्हणून पाव्हणे वैतागतात, ते याच दोन आठवड्यांत.