लोकम डॉक्टर

रजेवर गेलेल्या, अचानक आजारी पडलेल्या किंवा मुळात नेमल्याच न गेलेल्या डॉक्टरच्या जागी तात्पुरते काम करणारा डॉक्टर. ‘लोकम टेनेन्स’ या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘जागा धरणारा’. फ्रेंचमधून आलेल्या ‘लेफ्टनंट’चाही मूळ अर्थ तोच. मुंबईच्या गिरण्यांत अशा माणसाला सरळ ‘बदली’ म्हणत.

ही पद्धत ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत चांगलीच मुरलेली आहे. तिथे प्रशिक्षणार्थी डॉक्टरांच्या जागा दर काही महिन्यांनी बदलतात. ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी तर एकदमच मोठी खांदेपालट होते. कोणी आले नाही की ड्यूटीच्या तक्त्यात, म्हणजे ‘रोटा’त, भोक पडते. आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा या डॉक्टरांना २००९ पासून पूर्णपणे लागू झाल्याने, हजर माणसालाच थांबवून घेणे अवघड झाले.

समजा, दुपारी तीनला कळले की रात्रीचा मेडिसिन रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालचा अनुभवी प्रशिक्षणार्थी डॉक्टर, तापाने झोपला आहे. रोटा सांभाळणारा कारकून आधी रुग्णालयाच्या स्वतःच्याच डॉक्टरांना निरोप धाडतो, मग रुग्णालयाच्या ‘बँके’त, म्हणजे हंगामी डॉक्टरांच्या यादीत, शोधतो आणि शेवटी एजन्सीला फोन लावतो. दिवस कलतो तसा तासाचा दर चढतो. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०१५ पासून एजन्सीच्या दरांना लगाम घातला गेला, पण रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी तो मोडायची मुभाही ठेवली, आणि ती सढळ हाताने वापरली गेली. कोणीच मिळाले नाही, तर वरिष्ठ कन्सल्टंट स्वतः रजिस्ट्रारचे काम करतो.

आलेल्या लोकमला औषधे ठाऊक असतात, इमारत नसते. संगणकाचा पासवर्ड, वॉर्डाच्या दाराचा कोड, रक्तपेढीचा नंबर विचारण्यातच त्याचा पहिला तास जातो.

महाराष्ट्रात हा शब्द मुख्यतः खासगी रुग्णालयांत ऐकू येतो. रात्रीचा आरएमओ, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकारी, आला नाही की डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर निरोप फिरतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मात्र भोक बुजवतो तो आधीच ड्यूटीवर असलेला निवासी डॉक्टर. दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासांचा केंद्राचा १९९२ चा निर्देश असूनही सलग ३६ तासांच्या ड्यूट्या सर्रास लागतात. निवासी डॉक्टर ज्या परीक्षेतून येतात ती पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी २०२१ मध्ये एप्रिलवरून सप्टेंबरवर गेली आणि तिचे समुपदेशन, म्हणजे जागावाटप, जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाले. तोवर पहिल्या वर्षाची अख्खी तुकडीच आलेली नव्हती. तिच्या वाट्याचे काम वरच्या वर्षांनी ओढले.