ट्यूबलाइटखालील घरबाग

उन्हाऐवजी नळीच्या प्रतिदीप्त दिव्याच्या, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या ‘ट्यूब’च्या उजेडावर घरात पालेभाजी, रोपे आणि शोभेची झाडे वाढवण्याची कमी खर्चाची पद्धत. कोल्हापूरसारख्या गावात तिची गरज दोन कारणांनी पडते. पहिले कारण पावसाळा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. दुसरे कारण म्हणजे परडं गेले. सोपा, माजघर आणि मागे परडं अशा घरात शेपू-कोथिंबिरीचा वाफा आपोआप असे. पेठांमधली जुनी घरे पाडून अपार्टमेंट उभ्या राहिल्या तेव्हा परड्याच्या जागी पार्किंग आले आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. उजेडाच्या वाटेत बांधकाम येते ही तक्रार या शहराला नवी नाही. अंबाबाई मंदिरात जानेवारीअखेर आणि नोव्हेंबरात होणाऱ्या किरणोत्सवाच्या वेळी मावळतीची किरणे कुठे अडली याची चर्चा दरवर्षी होते. देवीच्या वाटेवरचे अडथळे निदान मोजले तरी जातात. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या पुदिन्याची दाद कोण घेणार?

कमी उजेडात रोप कसे होते, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. नवरात्रात बसवलेला घट पुरेसा आहे. देवघराच्या अंधारात, नंदादीपाच्या उजेडात पेरलेले धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढते, पण ते पिवळसर, नाजूक आणि लांबुडके असते. उजेडाच्या शोधात रोप खोड ताणते आणि हरितद्रव्य तयार करण्याचे काम मागे पडते. हे नऊ दिवस ते उजेडावर नव्हे, तर दाण्यात साठवलेल्या पिठावर जगते. दसऱ्याला ते उपटून टोपीत खोवायचे असते, म्हणून बिघडत नाही. तेच धान दहाव्या दिवसानंतरही जगवायचे म्हटले, तर उजेडाची सोय करावी लागते. ट्यूबखालच्या बागेचा सगळा खटाटोप या दहाव्या दिवसापासून पुढचा आहे.

ट्यूबमध्ये कमी दाबाखाली पाऱ्याची वाफ असते. विजेमुळे तिच्यातून अतिनील किरण निघतात आणि काचेच्या आतल्या पांढऱ्या लेपावर आदळून त्यांचा दृश्य प्रकाश होतो. हे दिवे १९३८ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. पुढे तिथल्या तळघरांत आफ्रिकन व्हायोलेट ही छोटी फुलझाडे या दिव्यांखाली वाढवण्याचा छंद चांगलाच पसरला. आपल्याकडे घरोघरी दिसणारी चार फुटी ट्यूब आधी ३८ मिमी जाडीची आणि ४० वॅटची होती. नंतर २६ मिमीची ३६ वॅटची ‘स्लिम’ आली आणि त्याच पट्टीत (ट्यूब बसवायच्या सांगाड्यात), त्याच चोकवर बसली. १६ मिमीच्या २८ वॅटच्या ट्यूबला मात्र वेगळी पट्टी लागते. वनस्पती मुख्यतः निळा आणि तांबडा प्रकाश वापरतात. घरात सर्रास मिळणारी ६५०० केल्व्हिनची निळसर-पांढरी ट्यूब निळ्याच्या बाबतीत समृद्ध असते, त्यामुळे पाला आटोपशीर आणि रोप बुटके राहते. तांबडा प्रकाश तिच्यात कमी, पण पालेभाजीचे त्यावाचून फारसे अडत नाही. ‘खास झाडांची’ म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या जांभळट ट्यूबवर पैसे घालण्यापेक्षा तेवढ्यात दुसरी साधी ट्यूब घ्यावी. झाडाला रंगापेक्षा उजेडाच्या प्रमाणाची उणीव जास्त जाणवते.

याच प्रमाणाच्या बाबतीत माणसाचा डोळा फसवतो. रात्री ट्यूब लावली की खोली लख्ख वाटते, प्रत्यक्षात तिथे शंभर ते तीनशे लक्स (उजेड मोजायचे एकक) एवढाच उजेड असतो. भर दुपारी उघड्या मैदानात तो एक लाख लक्सच्या आसपास जातो. म्हणून भिंतीवर उंच लावलेल्या ट्यूबखाली कुंडी ठेवून काहीच साधत नाही. मनी प्लँट जेमतेम तग धरतो, कोथिंबीर घटातल्या धानासारखी लोळते. ट्यूब रोपाच्या डोक्यावर आणावी लागते. पांढऱ्या पट्टीतल्या ३६ वॅटच्या दोन ट्यूब शेजारी शेजारी लावल्या तर दहा सेंटिमीटर खाली सहा ते आठ हजार लक्स मिळतात. तीस सेंटिमीटरवर त्याचे दोन-तीन हजारच उरतात. बल्बचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, लांब ट्यूबजवळ तो साधारण अंतराच्याच प्रमाणात घटतो, तरीही फरक मोठा आहे. ट्यूबची काच हाताला सोसेल इतकीच तापते, त्यामुळे ती पाल्याच्या चार बोटे वर आणली तरी पाने करपत नाहीत. जुन्या पिवळ्या बल्बखाली हे जमत नसे. ट्यूब वीतभराच्या आत ठेवावी आणि रोप वाढेल तशी वर उचलावी, हा एकच नियम पाळला तरी निम्मे काम होते.

मांडणी साधी असते. भांड्यांची जुनी लोखंडी मांडणी घ्यावी, वरच्या फळीच्या खालून पट्टी दोन साखळ्यांनी टांगावी आणि साखळीची कडी बदलून उंची कमीजास्त करावी. पट्टी दोरीने बांधली तर ती रोज वर-खाली करायचा कंटाळा येतो आणि मग कोणीच करत नाही. कडेला पांढरे थर्माकोल उभे केले की बाहेर सांडणारा उजेड परत पाल्यावर येतो. ट्यूबच्या दोन्ही टोकांकडे उजेड मंद असतो, म्हणून तिथे पुदिना किंवा ओव्याची झाडे ठेवावीत आणि मधली जागा रोपांना द्यावी. जुनी ट्यूब पेटते म्हणजे चांगली आहे असे समजू नये. रोज बारा-तेरा तास जळणाऱ्या ट्यूबचा उजेड वर्षभरात डोळ्यांना कळणार नाही असा उतरतो. टोके काळी पडली तर ती बदलावी. चालू-बंद करायला चोवीस तासांचा टायमर लावावा, कारण माणूस विसरतो. तासाभराचे भारनियमन झाले तर मात्र घाबरू नये. झाडाला त्याची खंत नसते.

उजेड किती तास द्यावा, याबाबत परदेशी पुस्तकांतला सोळा तासांचा आकडा इथे जसाच्या तसा उचलू नये. कोल्हापूर उत्तर अक्षांश १६.७ वर आहे. इथला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तास पाच मिनिटांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आतला. पालक, मेथी, कोथिंबीर यांना दिवस लांबला की तुरा धरायची घाई होते. चौदा-सोळा तास ट्यूब लावली तर पाने धरण्याआधीच दांडा वर निघतो. इथल्या माणसाने बारा ते तेरा तास लावावी. शेवंतीचे गणित उलटे आहे. तिला फुलायला लांब रात्र लागते आणि रात्री दिवा लागत राहिला की ती नुसती पानेच काढते. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला हा संबंध गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरून दाखवला. शेवंती पिकवणारे व्यावसायिक शेतकरी रात्री दिवे लावून फुलांचा हंगाम पुढे ढकलतात तो याच गुणावर.

पद्धतीचा खरा उपयोग पावसाळ्यात होतो. वांगी, मिरची, टोमॅटो यांची रोपे जून-जुलैत गच्चीवर टाकली की पावसाचा मार आणि मर रोग यांपैकी काहीतरी त्यांना गाठतेच. ट्यूबखाली ती चार-पाच आठवड्यांत जाड खोडाची होतात आणि उघडीप मिळाली की कुंडीत जातात. माती वापरण्यापेक्षा कोकोपीट आणि गांडूळखत बरे. एकडोळा उसाची रोपे ट्रेमध्ये करणाऱ्या रोपवाटिकांमुळे ट्रे आणि कोकोपीट दोन्ही या जिल्ह्यात सहज मिळतात. मिरचीला उगवायला आठ-दहा दिवस लागतात, मेथी तीन-चार दिवसांत डोके काढते. धणे रगडून त्यांचे दोन भाग करूनच पेरावेत. पाणी मात्र हात राखून द्यावे. पंचगंगा पात्राबाहेर पडते त्या दिवसांत घरातली हवाच इतकी ओली असते की कोकोपीटवर पांढरी बुरशी येते आणि चिलटे घोंघावू लागतात. जवळ छोटा पंखा फिरता ठेवला की दोन्ही आटोक्यात येतात. शिवाय वाऱ्याने हलणारे खोड घट्ट होते.

फळांची आशा या बागेकडून करू नये. दहा सेंटिमीटरवर, तेरा तास मिळणारा उजेड हा निरभ्र उन्हाळी दिवसाच्या दहाव्या हिश्श्याएवढाच भरतो. त्यात पाला, अंकुर, रोपे, फर्न, बिगोनिया आणि आफ्रिकन व्हायोलेट निभतात. मिरचीला कळ्या येऊन गळतात. तांबड्या रश्श्याची मिरची ट्यूबखाली काढायचा हट्ट धरणाऱ्याला शेवटी बाजारच गाठावा लागतो. तुळसही इथे जगते, पण अंगणातल्या तुळशीचा वास तिला येत नाही.

घरगुती हौसेपलीकडे हीच मांडणी ऊतिसंवर्धन (टिश्यू कल्चर) प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे वापरात होती. ऊस आणि केळीची बाटलीतली रोपे पंचवीस अंश तापमानाला, फळ्याफळ्यांच्या रॅकवर, ट्यूबच्या उजेडात वाढवली जात. तिथे सोळा तास चालतात, कारण बाटलीतल्या रोपाला साखर माध्यमातूनच मिळते आणि तुऱ्याचा प्रश्न नसतो.

‘स्वस्त’ हा शब्द पट्टीला लागू पडतो, विजेला तितकासा नाही. जुनी पट्टी, चोक आणि होल्डर भंगारातून किंवा घराच्या माळ्यावरून निघतात. पण तांब्याचा चोक स्वतः दहा-बारा वॅट खातो, म्हणजे दोन ट्यूबची जोडी ९५ वॅटच्या आसपास जाते. रोज तेरा तास धरले तर महिन्याला सुमारे ३७ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांनंतर पुढचा टप्पा महाग लागतो. ज्यांचे बिल सत्तर-ऐंशी युनिटांचे आहे त्यांना कोथिंबिरीची जुडी त्या टप्प्यात ढकलू शकते. सबंध वर्ष बाग चालवण्यापेक्षा पावसाळ्याचे तीन-चार महिने चालवावी, हे शहाणपणाचे. साधारण तेवढाच उजेड देणारी एलईडी पट्टी निम्म्या विजेत भागवते आणि तिचा सगळा उजेड खालीच पडतो. नव्याने घेणाऱ्याने म्हणूनच एलईडी घ्यावी. ट्यूबचे समर्थन ती आधीच घरात असेल तेवढ्यापुरते.

नवी ट्यूब आता मिळणेही कमी होत जाईल. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराच्या २०२३ मधील बैठकीत नळीच्या प्रतिदीप्त दिव्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरले. हॅलोफॉस्फेट लेपाच्या जुन्या पद्धतीच्या ट्यूबसाठी ही मुदत २०२६ ची आहे. भारताने हा करार २०१८ मध्ये स्वीकारला. वापरलेली ट्यूब घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये, ती ई-कचऱ्यात मोडते. ट्रेवरच फुटली तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटे खोलीबाहेर जावे. काचा झाडूने लोटू नयेत, जाड कागदाने उचलून बरणीत बंद कराव्यात. त्या ट्रेमधली भाजी कितीही कोवळी असली तरी कोकोपीटसकट टाकून द्यावी.