वाचायचे असेल तर काहीतरी पाठवावेच लागते

मायक्रोकंट्रोलर, म्हणजे उपकरण चालवणारी छोटी संगणक-चिप, सेन्सरला आधी प्रश्न विचारतो आणि मग सेन्सर उत्तर देतो, असे वर्णन पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. चिपांनी एकमेकींशी माहितीची देवाणघेवाण करण्याच्या, मोटोरोलाने रूढ केलेल्या ‘एसपीआय’ या पद्धतीपुरते तरी ते दिशाभूल करणारे आहे, कारण तिथे देणे आणि घेणे एकाच ठोक्याला घडते.

मूळ कल्पनेत दोन्ही चिपमध्ये आठ बिटांचे (बिट म्हणजे ० किंवा १) एकेक शिफ्ट रजिस्टर, म्हणजे दर ठोक्याला बिट एकेक घर पुढे सरकवणारी रांग, असते आणि दोन तारांनी ती अशी जोडलेली असतात की सोळा घरांचे एक वर्तुळ तयार होते. तिसऱ्या तारेवरून मायक्रोकंट्रोलर क्लॉकचे, म्हणजे ताल धरणाऱ्या संकेताचे, ठोके देतो. कोणत्या चिपशी बोलायचे, ते चौथी तार ठरवते. समजा, मायक्रोकंट्रोलरकडे १०११००१० आहे आणि समोर ०११०१००१. पहिल्या ठोक्याला दोघांचाही डावीकडचा बिट बाहेर पडून दुसऱ्याच्या उजव्या टोकाला जाऊन बसतो, त्यामुळे आता इकडे ०११००१०० आणि तिकडे ११०१००११ असते. आठव्या ठोक्याला अदलाबदल पूर्ण होते.

ठोक्याच्या एका कडेला (म्हणजे क्लॉकचा व्होल्टेज चढताना किंवा उतरताना) बिट तारेवर ठेवला जातो आणि दुसऱ्या कडेला तो वाचला जातो. कोणती कडा कशासाठी, याचे चार मोड आहेत. मोड चुकला की आकडे भलतेच येतात आणि मग कोडमध्ये जागोजागी ‘डिले’, म्हणजे थोडे थांबण्याच्या आज्ञा, टाकले जातात. हा निव्वळ गंडेदोरे बांधण्याचा प्रकार आहे, कारण चुकीच्या कडेला वाचलेला बिट वाट पाहून बरोबर होत नाही.

‘एमसीपी३००८’ या व्होल्टेज मोजणाऱ्या दहा बिटांच्या चिपचे उदाहरण घेऊ. पहिल्या चॅनेलसाठी, म्हणजे मोजणीच्या पहिल्या पिनसाठी, ०००००००१ आणि १००००००० हे बाइट (आठ बिटांचे गट) पाठवायचे आणि तिसरा बाइट कोणताही चालतो, कारण तो केवळ ठोके चालू राहावेत म्हणून पाठवायचा असतो. पहिल्या बाइटच्या बदल्यात येते ते निरर्थक असते. उत्तर बदल्यात आलेल्या दुसऱ्या बाइटच्या शेवटच्या दोन आणि तिसऱ्याच्या आठ बिटांत मिळते.

क्लॉक मायक्रोकंट्रोलरच्या हाती असल्याने तो बाइटच्या मध्येच दुसऱ्या कामाला गेला तरी एरवी काही बिघडत नाही. या चिपमध्ये मात्र त्या मुभेला मर्यादा आहे: मोजायचे व्होल्टेज ती एका सूक्ष्म कपॅसिटरवर धरून ठेवते आणि त्यावरचा विद्युतभार गळत असल्याने, ८५ अंश सेल्सिअस तापमानाला नमुना घेतल्यापासून १.२ मिलिसेकंदांच्या आत दहाही बिट बाहेर काढावे लागतात.