जुन्या राउटरसाठी लिनक्स कर्नल पोर्टिंग

उत्पादकाने अपडेट देणे थांबवलेल्या घरगुती राउटरवर लिनक्सचे आजचे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, चालावे यासाठी करायचे काम. यात नवा कोड लिहिण्याचा वाटा बहुधा थोडाच असतो. बोर्डावर काय, कुठे आणि कशाला जोडले आहे हे हुडकून काढण्यातच बराचसा वेळ जातो.

डेस्कटॉपवर पीसीआय किंवा यूएसबी उपकरण आपली ओळख स्वतःच सांगते आणि कर्नल त्याला जुळणारा ड्रायव्हर (उपकरण हाताळणारा कोड) शोधतो. राउटरच्या एसओसी (प्रोसेसर आणि इतर भाग एकत्र असलेल्या) चिपमधले बहुतेक भाग असे काही सांगत नाहीत. सिरियल पोर्टची रजिस्टरे (नियंत्रणाच्या जागा) कोणत्या पत्त्यावर आहेत, इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) कितवा, रीसेटचे बटण कोणत्या जीपीआयओ (सर्वसाधारण वापराच्या) पिनवर, हे सगळे आधीच लिहून द्यावे लागते. मिप्स जातीच्या प्रोसेसरवरच्या राउटरांसाठी ही माहिती पूर्वी बोर्डागणिक सी भाषेतल्या वेगळ्या फाइलमध्ये असे. आता ती ‘डिव्हाइस ट्री’त, म्हणजे हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या मजकुरी फाइलमध्ये, लिहितात. एसओसीला कर्नलमध्ये आधीच सपोर्ट असेल तर नवा राउटर जोडणे म्हणजे अशी एक छोटी फाइल लिहिणे. नसेल तर घड्याळ, इंटरप्ट कंट्रोलर, इथरनेट अशी सगळी चळत रचावी लागते आणि काम कित्येक महिने लांबते.

सुरुवात सिरियल कन्सोलपासून, म्हणजे राउटरचे संदेश पीसीवर दाखवणाऱ्या तारेच्या जोडणीपासून, होते. बोर्डावर बहुधा चार पिनांची रिकामी जागा सापडते. तिथला सिग्नल सहसा ३.३ व्होल्टचा आणि वेग अनेकदा ११५२०० बॉड असतो. पीसीचा जुना आरएस-२३२ पोर्ट थेट जोडला तर चिप जळू शकते. कन्सोलवर बूटलोडरचे (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचे) संदेश दिसू लागले की टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल आणण्याच्या साध्या पद्धतीने) कर्नल थेट रॅममध्ये उतरवून चालवता येते, फ्लॅशला म्हणजे कायमच्या साठवणीच्या चिपला हात न लावता. पडदा कोराच राहिला तर दोष कर्नलचा की कन्सोलच्या पत्त्याचा, हे कळत नाही. म्हणून कन्सोल तयार होण्याआधीच संदेश छापणारी ‘अर्ली प्रिंटके’ ही सोय आधी चालू करतात. काही बोर्डांवर यंत्रणा अडकली तर ती पुन्हा सुरू करणारी वेगळी वॉचडॉग चिप असते. तिला वेळेवर सिग्नल मिळाला नाही की ती ऐन बूटमध्ये राउटर रीसेट करते, आणि कर्नलच कोसळते आहे असा भास होतो.

फ्लॅशवर काही लिहिण्याआधी तिची पूर्ण प्रत काढून ठेवावी. वायफायच्या रेडिओचे कॅलिब्रेशन कारखान्यात प्रत्येक नगावर वेगळे करतात आणि फ्लॅशच्या एका विभागात साठवतात. हा विभाग पुसला गेला तर दुसऱ्या नगातली माहिती घालून रेडिओ कसाबसा चालेल, पण ती त्याची स्वतःची नसेल.

लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी २००२ साली आला. त्यात लिनक्स असल्यामुळे, सोर्स कोड देणे बंधनकारक करणाऱ्या जीपीएल परवान्यानुसार, २००३ मध्ये सोर्स कोड खुला करावा लागला, आणि त्याच पायावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरांसाठीची लिनक्स प्रणाली उभी राहिली. त्यातल्या चिपा बनवणाऱ्या ब्रॉडकॉमचा वायफाय ड्रायव्हर मात्र केवळ बायनरी रूपात, म्हणजे सोर्स कोडविना, मिळाला आणि तो २.४ कर्नलला बांधलेला होता. अशा बायनरीमुळे कर्नल वर्षानुवर्षे जागच्या जागी अडकते. जुन्या राउटरांच्या बाबतीत ही अडचण हार्डवेअरच्या वयापेक्षा मोठी ठरली आहे. तोड म्हणून एका गटाने ड्रायव्हरचा अभ्यास करून तपशील लिहिले आणि दुसऱ्याने केवळ त्यांवरून नवा ड्रायव्हर लिहिला. तो ‘बी४३’ या नावाने २.६.२४ कर्नलमध्ये दाखल झाला. वायफाय चिपच्या आत चालणारे फर्मवेअर मात्र अजूनही बहुधा ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरमधूनच काढून घ्यावे लागते.

मूळ कर्नल प्रकल्पाकडे पाठवताना पॅच (कोडमधले बदल) लहान तुकड्यांत असावे लागतात, आणि डिव्हाइस ट्रीतल्या नव्या नोंदींचे दस्तऐवजीकरणही सोबत द्यावे लागते. उत्पादकाच्या जुन्या कोडची जशीच्या तशी नक्कल तिथे टिकत नाही.

एवढे करूनही जागेचा प्रश्न उरतो. डब्ल्यूआरटी५४जीच्या २००५ सालच्या पाचव्या आवृत्तीत २ एमबी फ्लॅश आणि ८ एमबी रॅम होती, आणि उत्पादकाने त्यावर लिनक्सऐवजी व्हीएक्सवर्क्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम वापरली. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या राउटरांसाठी ओपनडब्ल्यूआरटीची शेवटची अधिकृत मालिका १९.०७. त्यापुढे ड्रायव्हर सगळे तयार असले, तरी इमेज (फ्लॅशवर लिहायची तयार फाइल) फ्लॅशमध्ये बसवण्यासाठी वेब इंटरफेस वगैरे गाळून ती स्वतःच बांधून घ्यावी लागते.