वेठबिगारमुक्ती चळवळ, ठाणे जिल्हा

कर्जाच्या किंवा उचलीच्या बदल्यात मोफत अथवा नाममात्र मजुरीवर राबवून घेतल्या जाणाऱ्या माणसांची सुटका व पुनर्वसन व्हावे, यासाठी ठाणे जिल्ह्यात १९४० च्या दशकापासून चालत आलेली नागरी हक्कांची चळवळ. येथे जिल्हा म्हणजे मुख्यतः १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होण्यापूर्वीचा ठाणे जिल्हा होय. कारण तलासरी, डहाणू, जव्हार, वसई हे चळवळीचे जुने तालुके आता पालघरमध्ये असून भिवंडी, शहापूर आणि मुरबाड हे ठाण्यात उरले आहेत. वारली, कातकरी, मल्हार कोळी, ठाकूर या आदिवासी समाजांतील शेतमजूर आणि वीटभट्टी कामगार हा चळवळीचा कणा आहे.

जिल्ह्यातील वेठबिगारीचे सर्वांत परिचित रूप म्हणजे लग्नगडी. लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून थोडी रक्कम घेणारा तरुण त्या रकमेच्या फेडीपोटी त्याच्या घरी गडी म्हणून राहत असे आणि लग्न झाल्यावर त्याची बायकोही त्याच घरी कामाला जुंपली जात असे. हिशेबाची वही जमीनदाराकडे असे आणि गड्याला अक्षरओळख नसे, त्यामुळे वर्षानुवर्षे राबूनही मुद्दल फिटत नसे व कर्ज पुढच्या पिढीच्या माथी येई. याखेरीज खंडाने जमीन कसणाऱ्या कुळांना मालकाच्या खाजगी शेतावर आधी फुकट राबावे लागे, मग आपल्या पेरणीकडे वळता येई. मुंबई सरकारच्या आदेशावरून सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस आदिवासी भागांची चौकशी केली. तिच्या अहवालात या पिळवणुकीची स्पष्ट नोंद आहे. म्हणजे माहिती सरकारदरबारी होती, पण तिच्यावर काही करण्यास भाग पाडणारी संघटित ताकद अजून उभी राहिलेली नव्हती.

ती ताकद १९४५ मध्ये उभी राहिली. त्या वर्षीच्या जानेवारीत टिटवाळा येथे भरलेल्या किसान सभा या शेतकरी संघटनेच्या अधिवेशनाला वारली प्रतिनिधी आले, आणि मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी सभेचे नेते गोदावरी व शामराव परुळेकर या दांपत्याच्या पुढाकाराने हजारो वारल्यांची सभा झाली. वेठ करायची नाही, रोजी बारा आण्यांहून कमी मजुरीवर मालकाच्या शेतात पाऊल टाकायचे नाही आणि मारहाण निमूटपणे सोसायची नाही, असा निर्धार तेथे झाला. लग्नगड्यांची सुटका यानंतर पाड्यापाड्यांवर लोकांनी स्वतः केली. किसान सभेचा लाल बावटा घेतलेले जथे मालकाच्या वाड्यावर जात आणि गड्याला व त्याच्या बायकोला घेऊन परत येत. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचा मृत्यू झाला, आणि परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. अधिकार आधी लोकांनी वापरला आणि कायदा कित्येक वर्षांनी त्याच्या मागून आला, हा क्रम या चळवळीचा इतिहास वाचताना विसरता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठ व सक्तीच्या श्रमांना मनाई केली. तथापि तिला शिक्षेचे व पुनर्वसनाचे बळ देणारा वेठबिगार पद्धती (उच्चाटन) अधिनियम १९७६ साली झाला. हा कायदा केंद्राचा असला तरी त्याची अंमलबजावणी संपूर्णपणे राज्य शासनाच्या यंत्रणेवर सोपवलेली आहे, आणि म्हणूनच ठाण्यातील चळवळीला गावच्या मालकाइतकेच मंत्रालयाशी झगडावे लागले. कायद्यानुसार वेठबिगाराचे कर्ज आपोआप संपुष्टात येते आणि ते वसूल करणे हाच गुन्हा ठरतो. कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर असतो. वेठबिगारी करून घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जिल्हाधिकारी व त्याने नेमलेले अधिकारी यांनी चौकशी करून माणसाला मुक्त करायचे, आणि जिल्हा व उपविभाग पातळीवरील दक्षता समित्यांनी त्याच्या पुनर्वसनाकडे पाहायचे, अशी रचना आहे. प्रत्यक्षात दक्षता समित्यांच्या बैठका न होणे आणि ‘आमच्याकडे वेठबिगार नाहीत’ असे अहवाल वर जाणे, ही चळवळीची कायमची तक्रार राहिली आहे. वेठबिगार आहे असे मान्य केले की तपास, गुन्हा, पैसा आणि पुनर्वसन ही सारी जबाबदारी अंगावर येते. नाही म्हटले की फाईल बंद होते.

या नकाराला भिडण्याचे काम १९८० च्या दशकात वसई तालुक्यातून सुरू झाले. विवेक व विद्युल्लता पंडित यांनी विधायक संसद ही संस्था आणि १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना स्थापन केली. पाड्यावर जाऊन वेठबिगार हुडकायचा, त्याची हकिकत त्याच्याच शब्दांत लिहून तहसीलदाराकडे अर्ज करायचा, चौकशीच्या दिवशी सारा पाडा कचेरीत हजर ठेवायचा आणि मुक्तीचा दाखला हाती पडेपर्यंत तेथून हलायचे नाही, ही संघटनेची रीत. दाखल्याला इतके महत्त्व देण्याचे कारण व्यावहारिक आहे: त्याच्याविना पुनर्वसनाचे अनुदान मिळत नाही, आणि मालकाने चोरीचा किंवा पैसे बुडवल्याचा आरोप केला तर मजुराच्या हाती उत्तर नसते. दहशतीचा प्रश्न याहून अवघड होता. ज्याच्या विरुद्ध जबानी द्यायची त्याच्याच जमिनीवर झोपडी उभी असे. कित्येक कातकरी वाड्या आजही खाजगी मालकीच्या जागेवर आहेत, त्यामुळे घराखालची जमीन नावावर होणे ही मागणी वेठबिगारमुक्तीपासून वेगळी काढता येत नाही. विवेक पंडित यांना या कार्यासाठी १९९९ मध्ये लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा पुरस्कार मिळाला.

याच काळात सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनी चळवळीच्या हाती नवी साधने दिली. दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे म्हणजे सक्तीचे श्रमच होत, असे ठरवले. बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेने नेलेल्या प्रकरणात सक्तीने काम घेतले जात असल्याचे दिसताच ते कर्जापोटीच असल्याचे गृहीत धरावे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. आणि नीरजा चौधरी प्रकरणात (१९८४) पुनर्वसनाविना सुटका म्हणजे माणसाला पुन्हा त्याच दाराशी नेऊन सोडणे, हे राज्यांना बजावले.

राज्य पातळीवरील पाठपुरावा हे चळवळीचे दुसरे अंग आहे. तहसील कचेरीवरील ठिय्या आंदोलनाने सुटले नाही ते ठाण्यातील जिल्हाधिकारी कार्यालयावर, तेथून बेलापूरच्या कोकण भवनातील विभागीय आयुक्तांकडे आणि अखेर मंत्रालयावर नेले जाते. विधिमंडळात तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना उपस्थित करून घेण्यासाठी आमदारांना कागदपत्रे पुरवणे, अर्थसंकल्पातील आदिवासी विकासाच्या तरतुदी व प्रत्यक्ष खर्च यांचा ताळा घेणे, हे कष्टाचे आणि डोळ्यांत न भरणारे काम ‘समर्थन’ या संस्थेने पद्धतशीर केले. विवेक पंडित स्वतः २००९ ते २०१४ या काळात वसईचे आमदार होते. भूमिसेना आणि कष्टकरी संघटना या आदिवासींच्या संघटनांनी पालघर-डहाणू भागात जमीन व जंगलाचे प्रश्न लावून धरले. १९७४ च्या राज्य कायद्यान्वये आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत मिळवणे, १९७७ च्या रोजगार हमी कायद्याखाली गावातच काम मागणे आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावे दाखल करणे, या तिन्ही गोष्टी वेठबिगारीच्या मुळावर घाव घालतात, कारण जमीन व काम असलेला माणूस उचल घ्यायला जात नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला किसान सभेचा मोर्चा कसारा घाट उतरून ठाणे जिल्ह्यातून मुंबईला गेला, त्यातही वनहक्कांची मागणी अग्रभागी होती.

लग्नगडी आता क्वचित आढळतो. वीटभट्टीवरील बयाण्याची पद्धत मात्र चालू आहे. पावसाळ्यात धान्य संपते तेव्हा मालक किंवा मुकादम कुटुंबाला बयाणा देतो, भाताची कापणी व दिवाळी आटोपली की ते कुटुंब भट्टीवर जाते आणि मे अखेरीस हिशेब होतो. रक्कम फिटली नाही की पुढच्या हंगामाला त्याच भट्टीवर यावे लागते. मुलेही सोबत जात असल्याने शाळा तुटते. भट्टीवरच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात, आणि तेथेच मुलांना शिकवण्यासाठी विधायक संसदेने भोंगा शाळा सुरू केल्या. केंद्राच्या २०१६ च्या योजनेनुसार मुक्त वेठबिगार पुरुषाला एक लाख, स्त्रिया व बालकांना दोन लाख आणि अत्यंत गंभीर शोषणाच्या प्रकरणांत तीन लाख रुपये देय ठरले. परंतु तातडीची प्राथमिक मदत सोडता बाकीची रक्कम आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडली गेली आणि खटले रेंगाळल्याने ती बहुतेकांपर्यंत वेळेत पोहोचत नाही. दोषसिद्धीची ही अट काढून टाकावी, ही चळवळीतील कार्यकर्त्यांची मागणी आहे.